जवाचं पाणी

बळीराम गेल्याला आठवा दिवस होता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अकरा वाजता विहारात होता, आणि सकाळी सातलाच पंखा गरम हवा फेकू लागला होता. मेघाने दह्याचं पातेलं ठेवायला फ्रिज उघडला. तळच्या कप्प्यात, पालकाच्या जुड्यांमागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या आडव्या ठेवल्या होत्या.

आधी तिला वाटलं, बाबांच्याच असतील. बाबांचा चष्मा अजून टीव्हीपाशी होता, चपला दाराशी होत्या, दाढीचा ब्रश मोरीतल्या खिळ्यावर होता. तसंच हेही राहून गेलं असेल. मोरीत ओतून द्यायच्या म्हणून तिने कागद सोडवला, तर वरच्या कोपऱ्यात तारीख दिसली. परवाची.

म्हणजे बाबांना अग्नी देऊन पाच-सहा दिवस झाल्यावर कोणीतरी दुकानात गेलं होतं, दोन स्ट्राँग बीअर मागून घेतल्या होत्या, आणि बाबांच्याच फ्रिजमध्ये बाबा ठेवायचे त्याच जागी आणून ठेवल्या होत्या. घरात आई आणि ती सोडून एकच माणूस होता.

प्रशिक, तिचा धाकटा भाऊ, अंगणात चटया गुंडाळून मोटरसायकलला बांधत होता. एक हात दोरीवर, दुसरा डाव्या कमरेवर. गेले चार दिवस तो हात तिथेच होता. मेघाला वाटलं होतं, धावपळीने कंबर धरली असेल.

ही बीअर या घरात कशी शिरली, ते मेघाला बाबा गेल्यावरच कळलं.

बळीरामांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. बुटीबोरीच्या कापड कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढली, पगाराच्या दिवशी सोबतचे लोक कुठे जातात ते पाहिलं, आणि सरळ घरी आले. बेसा भागात प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा आजूबाजूला नुसती शेतं होती. मग ले-आउट पडले, इमारती आल्या, छोटं विहार उभं राहिलं, आणि दर रविवारी तिथे पंचशील देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. ते पुढे म्हणायचे, बाकीचे मागून. पंचवीस वर्षं. पाचवं शील, नशा आणणाऱ्या पेयांपासून दूर राहण्याचं, ते जरा सावकाश म्हणायचे. तेवढाच त्यांचा उपदेश.

दोन वर्षांपूर्वी त्यांना मुतखडा निघाला. या भागात ते नवं नव्हतं. बोअरवेलचं पाणी असं, की बादलीला पांढरा थर धरतो. धंतोलीतल्या डॉक्टरने सांगितलं, खडा नऊ मिलिमीटरचा आहे, वाटेत अडकलेला आहे, लेझरने काढून टाकू. तोवर पाणी भरपूर प्या, जवाचं पाणी प्या. बळीरामांनी ते सगळं अंकुशला सांगितलं.

अंकुश म्हणजे कारखान्यातला जोडीदार, शेजारचा प्लॉट घेतलेला, मेघा-प्रशिकचा अंकुशकाका. कारखान्यात जर्मनीहून यंत्रं आली तेव्हा ती बसवायला दोन इंजिनिअर तीन महिने येऊन राहिले होते, आणि त्यांच्या हाताखाली अंकुश होता. त्या तीन महिन्यांवर त्याने पुढची पंचवीस वर्षं काढली. ते दुपारच्या जेवणासोबत बीअर प्यायचे, त्यांच्या तोंडून मुतखडा हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. ऐकला असता तरी तो जर्मन भाषेत असता, हे त्याच्या ध्यानात कोणी आणून दिलं नाही.

"जवाचं पाणी म्हणते डॉक्टर," अंकुश म्हणाला. "मंग बीअर कायची असते गा? जवाचीच ना? घरी उकळून किती उतरणार? तिच्यात कंपनीनं पुरा अर्क काढलेला असते."

हे सगळं आईने, इंदूबाईंनी, मेघाला दवाखान्याच्या पायरीवर सांगितलं होतं. अंकुशने मग मोबाइलवर जगाची यादी काढून दाखवली. कोणत्या देशात माणसामागे वर्षाला किती बीअर. चेक देश पहिला, सव्वाशे लिटरच्या वर. मग ऑस्ट्रिया, जर्मनी, आयर्लंड. आपण कुठे? दोन लिटर. म्हणूनच विदर्भात घरोघरी खडा, अंकुश म्हणाला. आणि यंत्राच्या आवाजावरून त्याचा बिघाड ओळखणाऱ्या बळीरामांना ते पटलं. औषध म्हणून घेतलं तर शील मोडत नाही, हेही दोघांनी मिळून ठरवलं. ऑपरेशन पुढे ढकललं.

मेघा उमरेडच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. तिथेच राहायची; महिन्यातून एखाद्या रविवारी एसटीने यायची. फोनवर विचारायची, बाबा, पाणी पिता ना? बाबा म्हणायचे, "जवाचं पाणी घेऊन राहिलो बेटा, मस्त आहो." त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतं. तिने शहाणे आहात म्हणून त्यांना शाबासकी दिली होती. उमरेडच्या बाजारातून दोन किलो जव निवडून, साफ करून आणून दिले होते. ते परवा डब्यात सापडले, जाळी धरलेले.

अंकुशने दाखवलेल्या याद्या तिनेही पाहिल्या होत्या. वाचायची सवयच तिला तशी होती, हाताला येईल ते. त्या याद्यांत लिटर असतात, पिणं नसतं. प्रागमधला माणूस घडा भरून पीत असेल, पण बसून, गप्पा मारत, सोबत काही खात, चार लोकांदेखत. जपानात आपला पेला स्वतः भरत नाहीत, शेजाऱ्याने भरायचा असतो. आफ्रिकेत काही ठिकाणी ज्वारीच्या बीअरचं एकच मडकं मध्ये ठेवून म्हातारे लांब नळ्यांनी पितात आणि गावातले तंटे मिटवतात. बाबा संध्याकाळी सातला, वंदना झाली की, घरामागे पाण्याच्या टाकीपाशी जायचे. स्टीलच्या पेल्यात आठ टक्क्यांची स्ट्राँग, कारण इथे दुकानात मागितली की तीच हातात येते. उपाशी पोटी, उभ्याने, डोळे मिटून, एका दमात. काढा घेतात तसं. आधी एक पेला, मग एक बाटली, मग दोन. जगात कुठेच कोणी अशी चव न घेता बीअर पीत नसेल, असं तिला या आठ दिवसांत वाटायचं, आणि मग राग यायचा तो कोणावर काढावा हे सुचायचं नाही.

बाटलीने दुखणं बधिर व्हायचं, लघवी धो-धो व्हायची. खडा निघून राहिला, असं अंकुश म्हणायचा. खडा होता तिथेच होता. एप्रिलमध्ये थंडी वाजून ताप आला. मूत्रपिंडात पू झाला होता, तो रक्तात गेला. चार दिवस आयसीयू. डॉक्टरने विचारलं, दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, ऑपरेशन का नाही केलं? तेव्हा इंदूबाई म्हणाल्या, "औषध चालू होतं ना."

मेघा दोन्ही बाटल्या हातात घेऊन अंगणात आली.

"हे कोणाचं आहे?"

प्रशिकने पाहिलं आणि दोरीला गाठ मारू लागला. "ताई, सकाळी सकाळी सुरू नको होऊ."

"कोणाचं आहे विचारलं मी."

"माझं. खडा आहे मले. झालं?"

तिने रिपोर्ट मागितला. तो आधी नाही म्हणाला, मग मोटरसायकलच्या डिक्कीतून घडी घातलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. "घे, वाच. तुले वाचायची लय हौस."

दोन आठवड्यांपूर्वीचा कागद. डावीकडे, अकरा मिलिमीटर, मूत्रपिंडाला सूज. तो निघाला तेव्हा बाबा तापाने फणफणत होते. बुटीबोरीत प्रशिक त्याच कारखान्यात लागला होता. यंत्रापाशी आठ तास उभं राहायचं, लघवीला सुट्टी मागावी लागते म्हणून पाणीच प्यायचं नाही.

"बाबांचा नऊचा होता," ती म्हणाली. "तुझा अकराचा आहे."

"बाबाले फरक पडला होता. काका म्हणते, बाबानं मधात सोडली म्हणून वाढलं. सलग घ्या लागते."

"बाबा मेले प्रशिक."

"ते इन्फेक्शननं," तो म्हणाला, आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

तिने दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या. फेस नळीच्या तोंडाशी चढला आणि सगळ्या घरात आंबूस वास पसरला. इंदूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कशाची बाटली ते विचारलं नाही.

"आज नको वं काढू काही," त्या म्हणाल्या. "लोक येऊन राहिले. तुझ्या बापानं पंचवीस वर्ष पंचशील दिलं त्या विहारात. त्याईचं नाव तेवढं राहू दे."

"अन् प्रशिक?"

"त्याले सांगू. कार्यक्रम होऊ दे."

बाबांनाही दोन वर्षं असंच सगळं होऊ द्यायचं होतं. आधी पुतणीचं लग्न, मग पावसाळा, मग दिवाळी, मग धम्मपरिषद. मेघाने पातेलं उचललं आणि विहाराकडे निघाली. प्रशिक आज दवाखान्यात गेला नाही तर जाणारच नाही, हे तिला तिच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. आणि तो तिचं ऐकणार नव्हता. या घरात औषधाच्या बाबतीत एकाच माणसाचं ऐकलं जायचं.

अंकुश विहारामागे पाण्याच्या ड्रमपाशी उभा राहून केटरिंगवाल्याला वरणात हिंग किती घालायचा ते सांगत होता. पांढरा सदरा, डोळे सुजलेले. आठ दिवसांत त्याची दाढी वाढली होती. मेघाने त्याला बाजूला घेतलं आणि प्रशिकचा कागद दाखवला.

त्याने तो लांब धरून वाचला. "हो, माहीत आहे मले. आपण चालू केलं त्याचं."

"आपण."

"पाह्य बेटा, तू शिकली-सवरली. जर्मनीचे लोक काय नुसतं पाणी पितात? दुपारी बीअर, संध्याकाळी बीअर. त्याईले झाला काय कधी खडा?"

"होते काका. तिथंबी खडा होते. फक्त तिथं माणूस दवाखान्यात जाते."

अंकुशचा चेहरा उतरला, मग चढला. "म्हणजे मी मारलं काय बळीरामले? चाळीस वर्षांचा दोस्त होता माझा. आयसीयूच्या बाहेर चारही दिवस मी बसलो. तू दुसऱ्या दिवशी आली."

"मले दुसऱ्या दिवशी सांगितलं."

"ते तुझ्या मायले विचार."

हा घाव बसला. आवाज चढवायचा नाही, हे मेघाने येतानाच ठरवलं होतं. आवाज चढला की लोक मुद्दा सोडून आवाजावरच बोलतात.

"मी तुम्हाले मारेकरी नाही म्हणत," ती म्हणाली. "एकच करा. आता भाषणं होतील. तुम्ही बोलाल. त्यात एवढंच सांगा की मुतखड्यावर बीअर चालत नाही, आपण चुकलो. प्रशिक समोर बसला असंल. माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकते."

"भरल्या सभेत सांगू? पंचशील देणारा माणूस बीअर पिऊन गेला?" अंकुश म्हणाला. "तुले बापाची इज्जत नसंल, मले आहे." आणि तो हिंगाकडे वळला.

बाबा जिवंत असताना अंकुशने त्यांच्या हातात पेला दिला होता, आणि आता ते नाहीत तर त्यांच्या इज्जतीच्या आड उभा राहिला होता. दोन्ही वेळा अगदी मनापासून. तो ढोंगी असता तर बरं झालं असतं. ढोंगी माणसावर एकदा ओरडून मोकळं होता येतं.

भंतेजी आले. फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, पांढरी फुलं वाहिली गेली. बाबांच्या जागी आज भंतेजी पुढे म्हणत होते, दीडशे लोक मागून म्हणत होते. पाचव्या शीलाशी आले तेव्हा मेघाला अंकुशचा आवाज सगळ्यांत वर ऐकू आला, जाड आणि रडवेला. त्या शीलातला पहिलाच शब्द धान्य आंबवून केलेल्या पेयाचा आहे, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. अडीच हजार वर्षांपूर्वीही कोणीतरी अंकुश असणार, जवाचंच तर आहे म्हणणारा. म्हणून तर तो शब्द आधी घातला असेल.

श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. ले-आउटच्या अध्यक्षांनी बळीरामांचा साधेपणा सांगितला. कारखान्यातल्या एकाने त्यांचं निर्व्यसनीपण सांगितलं. अंकुश उठला, दोस्ताबद्दल बोलला, रडला, आणि शेवटी म्हणाला की अशी शीलवान माणसं आता होणे नाही. बसताना त्याने मेघाकडे पाहिलं नाही. प्रशिक खांबाला टेकून बसला होता, गुडघा पोटाशी ओढून. त्याच्या कपाळावरचा घाम उकाड्याचा नव्हता. कुलरचा झोत तर थेट त्याच्यावरच होता.

मग मुलीने दोन शब्द बोलावे असं कोणीतरी म्हणालं.

मेघा उभी राहिली. तिच्या हातात काल रात्री लिहून ठेवलेला कागद होता, त्यात बाबांच्या वाचनाच्या आवडीबद्दल एक परिच्छेद होता. तिने तो घडी करून पर्समध्ये टाकला.

"माझे वडील दोन वर्षं रोज बीअर प्यायचे," ती म्हणाली. "मुतखड्यावर औषध म्हणून. त्यांना नशा नको होती. डॉक्टरने जवाचं पाणी सांगितलं होतं आणि त्यांना वाटलं, हेच ते. ऑपरेशन वीस मिनिटांचं होतं. ते केलं नाही, म्हणून मूत्रपिंड सडलं आणि ते गेले. इथं बसलेल्यांपैकी आणखी कोणी हे औषध घेत असेल. मला नावं नको. माझ्या घरात अजून एक माणूस घेतो आहे. त्याला हे ज्यांनी सांगितलं ते इथंच बसले आहेत. हे औषध आहे, असं त्यांनी आत्ता सगळ्यांसमोर म्हणावं. मी खाली बसते."

ती खाली बसली.

भंतेजींनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष माइककडे सरकले आणि तिथेच थांबले. बायकांच्या बाजूने कुसुमताई, त्यांच्याच गल्लीतली शिलाईवाली, कोणाकडेही न पाहता म्हणाली, "आमच्याकडे दोघं घेते. सासराबी अन् नवराबी. त्याच्यावर वाद नको म्हणून मी गप्प राह्यते."

मेघा प्रशिककडे बघत होती. प्रशिक अंकुशकडे. काका आता उठेल, हिला चार शब्द सुनावेल, चेक देशापासून सुरुवात करेल, याची तो वाट पाहत होता. रागाने त्याचा जबडा आवळलेला होता, आणि त्या रागात भरवसा होता. अंकुशने तोंड उघडलं. बळीरामांच्या फोटोकडे पाहिलं. मग त्याची नजर चटईवर गेली आणि तिथेच राहिली. तो चटईच्या सुटलेल्या काड्या बोटाने आत सारत बसला.

प्रशिक खांबाला धरून उठला. "माझी इज्जत काढली तू सगळ्यात," तो मेघाला म्हणाला. तिच्यापुढून जाताना त्याला वाकावं लागलं, इतकी कळ आली होती. तो बाहेर गेला. वाढपी पत्रावळी हातात घेऊन तसेच उभे होते.

मेघा उठायच्या आत इंदूबाई उठल्या. आठ दिवस त्यांना उठवून बसवावं लागत होतं. त्यांनी पदर खांद्यावर घेतला, भंतेजींना वाकून नमस्कार केला, आणि अंकुशसमोरून, त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता, मुलामागे गेल्या. विहाराच्या फाटकापाशी त्यांनी हात करून ऑटो थांबवला. प्रशिक म्हणाला, जेवणं होऊ दे, लोक काय म्हणतील. इंदूबाईंनी त्याचा दंड धरून त्याला आत बसवलं, पाचवीतल्या पोराला शाळेत नेऊन बसवावं तसं. मेघा दुसऱ्या बाजूने चढली. ऑटो धंतोलीकडे निघाला. प्रशिक बाहेर बघत होता. मेघाला भावाचा राग येत होता, आईचा येत होता, मेलेल्या माणसाचाही येत होता, आणि त्या उन्हात तो कमी होण्याचं काही चिन्ह नव्हतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण फॉर्म भरत होती. ताप मोजला, थोडा होता. बरं झालं आज आलात, ती म्हणाली, अजून चार-सहा दिवस गेले असते तर अवघड होतं. लघवी तुंबलीय, आज नळी घालू, ताप उतरला की खडा काढू. मग तिने नेहमीचे प्रश्न सुरू केले. आधी काही आजार? नाही. कशाची ॲलर्जी? नाही. तंबाखू?

"खर्रा. कधी कधी."

"दारू?"

"नाही," प्रशिक म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. डॉक्टरणीचं पेन रकान्यावर टेकलं. मेघा पुढे झाली, आणि तेवढ्यात तिच्यामागून इंदूबाई बोलल्या.

"घेते. बीअर घेते तो. त्याचे बाबाबी घेत होते, याच रोगावर, याच दवाखान्यात गेले. मीच ओतून देत होती त्याईले. लिहा."

डॉक्टरणीने मान वर केली. एकदा आईकडे, एकदा मुलाकडे पाहिलं. मग रोज किती, कधीपासून, असं विचारलं, आणि इंदूबाई टेबलाची कड धरून सांगू लागल्या.